बोकडाचे मोडके शिंग

मिलवॉकीजवळच्या लिंडेनाऊ या जर्मन वस्तीत बॉक बिअरची जाहिरात भिंतीवर चढली की लोक आधी चित्रातल्या बोकडाकडे पाहत, मग मुलीकडे, आणि मग ओठांवरून जीभ फिरवीत. ओटिली बेंडर मात्र बोकडाच्या शिंगांकडे पाहत असे. पंचेचाळीस वर्षांत ही सवय सुटली नव्हती आणि कोणाच्या लक्षातही आली नव्हती.

तिच्या मद्यगृहात गल्ल्यामागच्या भिंतीवर त्या जाहिरातीची शेवटची उरलेली प्रत काचेच्या चौकटीत लावलेली होती. पिंपावर पुढचे पाय रोवून उभा राहिलेला तपकिरी बोकड, त्याचे एक शिंग अर्ध्यावर मोडलेले. शेजारी हिरव्या चोळीतली हसरी मुलगी. एका हातात फेसाळलेले तीन मग, दुसरा हात बोकडाच्या मानेवर. मागे एक माणूस व्हायोलिन वाजवतो आहे. खाली ठसठशीत अक्षरे: ‘बॉक आली!’ जर्मन भाषेत बॉक म्हणजे बोकडच. मुलीच्या डाव्या गालावर खोल खळी. ओटिलीच्याही डाव्याच गालावर खळी होती. आता ती सुरकुत्यांत बुडाली असली तरी गावाला ती पाठ होती.

हे चित्र १८९१ साली शिळाछापाची चित्रे काढणाऱ्या ऑगस्ट बेंडरने टाउबेनहाइमच्या बिअरच्या कारखान्यासाठी काढले आणि पुढल्याच वर्षी त्याने ओटिलीशी लग्न केले. मग चित्रातली मुलगी कोण, हे गावाला वेगळे सांगावे लागले नाही. हिवाळाभर तळघरात मुरलेली ती काळसर, जाड बिअर मार्चमध्ये एका ठरल्या दिवशी बाहेर निघे. त्या दिवसाआधी एक थेंबही कोणी पाजायचा नाही, असा सगळ्या कारखान्यांचा आपसातला करार होता. त्या दिवशी भर दुपारी, गावासमोर, पहिल्या पिंपात तोटी ठोकण्याची लाकडी मोगरी ओटिलीच्या हाती दिली जाई. एका घावात तोटी आत बसे. पुरुष टोप्या काढीत. दारूबंदीची तेरा कोरडी वर्षे सोडली तर हा मान कधी चुकला नव्हता. सदुसष्टाव्या वर्षी, नवरा जाऊन सतरा वर्षे झाल्यावर, ओटिलीच्या ताठ मानेला ताठ ठेवणारी ती एकच गोष्ट उरली होती.

आणि ती खोटी होती. हे फक्त ओटिलीला ठाऊक होते.

बोकड तिच्या वडिलांचा. त्याचे नाव बिशप. दाढीही तशीच आणि तोराही तसाच. पाण्याच्या गाडीच्या चाकात शिंग अडकून ते मोडले तेव्हा ओटिली आणि तिची धाकटी बहीण क्लारा, दोघी अंगणात उभ्या होत्या. मोडले ते डावे शिंग. चित्रात मात्र उजवे मोडलेले होते. चित्र छापून आले तेव्हा ओटिलीला वाटले, ऑगस्टची चूक झाली असेल. बोकडाच्या शिंगाचे एवढे काय! लग्नानंतर महिन्याभराने ती प्रथमच त्याच्या कामाच्या खोलीत गेली. दगडावर काढलेले चित्र कागदावर उलटे उमटते, डाव्याचे उजवे होते, हे तिने तेथे डोळ्यांनी पाहिले. अक्षरे काढणारा कारागीर वेगळा होता. तो अक्षरे दगडावर उलटीच काढी, म्हणून ती सरळ छापली जात. ऑगस्ट मात्र माणूस समोर बसवून दिसेल तसा थेट दगडावर उतरवीत असे.

ओटिली घरी आली, चुलीवर बटाटे उकडायला ठेवले आणि चित्रासमोर उभी राहिली. बोकडाचे डावे शिंग चित्रात उजवे झाले होते. तर मग चित्रात डाव्या गालावर दिसणारी खळी मुळात उजव्या गालावरची होती. दोघी बहिणींचे नाक एक, केस एक, हनुवटी एक. फरक एवढाच होता की क्लाराला खळी उजव्या गालावर पडे.

ऑगस्टने त्या हिवाळ्यात दोघींनाही आळीपाळीने रविवारी समोर बसवले होते. चित्र छापून येण्याआधीच क्लारा एका खोगीर करणाऱ्याशी लग्न करून सेंट लुईला निघून गेली. कोणाला बसवून काय काढले, ते ऑगस्टने कधी सांगितले नाही आणि ओटिलीने कधी विचारले नाही. विचारायचे म्हणजे उत्तर ऐकावे लागले असते. तिने एवढेच केले, की लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला त्याला पितळी चौकटीचा एक मोठा आरसा भेट दिला.

"आरशात पाहून काढत जा," ती म्हणाली. "माणसं उलटी होतात तुझी."

ऑगस्टने आरशाकडे पाहिले, मग तिच्याकडे. "बरं," तो म्हणाला. त्यानंतर त्याच्या चित्रांतले कोणी उलटे झाले नाही. पण क्लाराचे पत्र आले की तो ते एकदा वाचून घडी घाली आणि जेवणानंतर पुन्हा उघडी, तेव्हा ओटिलीच्या अंगाचा तिळपापड होई. पत्रात सेंट लुईच्या चिखलावाचून काही नसे. हा चिखल दुसऱ्यांदा वाचण्यासारखा काय होता?

आता क्लारा परत आली होती. नवरा वारला, मुले पांगली. मागच्या शरद ऋतूत दोन ट्रंका घेऊन ती ओटिलीच्या दारात उभी राहिली आणि ओटिलीने वरची खोली उघडून दिली. रक्ताच्या नात्याला दार बंद करणे तिच्या रीतीत बसणारे नव्हते. पण त्या दिवसापासून घरातली प्रत्येक वस्तू तिला फितूर झाल्यासारखी वाटू लागली. कुत्रा क्लाराच्या पायाशी निजू लागला. बटाट्याच्या कोशिंबिरीत क्लारा आंबट सफरचंद चिरून घाली, तर गिऱ्हाईक आता तीच मागू लागले. चाळीस वर्षे ओटिलीच्या हातची कोशिंबीर मुकाट्याने खाणारे हेच लोक! आणि क्लारा हसली, की पासष्टाव्या वर्षीही तिच्या उजव्या गालाला अजून खळी पडत होती.

"क्लाराबाई आल्या आणि बिअरलाही चव आली हो," म्हातारा गुस्ताव डेंगलर एकदा म्हणाला. तो निवृत्त पिंपकार होता आणि रोज अकरा वाजता खिडकीजवळच्या बाकावर त्याची स्थापना होत असे.

"चव तुझ्या जिभेला आली असेल," ओटिली म्हणाली. "इतकी वर्षं फक्त बोलायच्याच कामाला होती ती."

"मग बॉक चाखायला लावा तिला. थेंबभर. आठच दिवस राहिलेत."

"आठ दिवस राहिलेत म्हणजे आठ दिवस राहिलेत. टोपी काढ आधी, छताखाली बसला आहेस."

गुस्तावने टोपी काढली. क्लारा मग पुसता पुसता हसली. ओटिलीने तिच्या गालाकडे पाहिले नाही.

त्याच दिवशी कारखान्याचा तरुण मालक लेओपोल्ड टाउबेनहाइम आला. त्याच्याबरोबर मिलवॉकीचा छपाईवाला होता, एमरिख स्टोल्झ. पन्नाशीचा हा गृहस्थ एके काळी ऑगस्टच्या हाताखाली शिकलेला. कारखान्याचे साठावे वर्ष होते. जुनी जाहिरात नव्याने छापून प्रत्येक दुकानाच्या काचेवर लावायची, बॉकच्या दिवशी चित्रातल्या खऱ्या मुलीला चित्राशेजारी बसवायचे आणि वर्तमानपत्रात फोटो द्यायचा, असे लेओपोल्डने ठरवले होते.

"फ्राउ बेंडर, हिरवी चोळी अजून आहे का हो?" त्याने विचारले.

"चोळी आहे. तिच्यात मावणारी बाई आता नाही," ओटिली म्हणाली. सगळे हसले. चित्र उतरवायला तिने स्वतःच खुर्ची सरकवली. दुसऱ्याचा हात तिने चौकटीला लागू दिला नाही.

स्टोल्झने चित्र खिडकीपाशी नेले, चष्मा चढवला आणि बराच वेळ पाहत राहिला. "हा व्हायोलिनवाला कोण?"

"लोरेन्झ," गुस्ताव म्हणाला. "मेला बिचारा."

"डावखुरा होता का? गज डाव्या हातात धरलाय."

"वाजवताना कोण बघतंय? मी त्याला पितानाच पाहिलाय. दोन्ही हातांनी प्यायचा."

स्टोल्झ हसला नाही. "मास्तरांकडे मी होतो तेव्हा ते आरशात बघून काढायचे. पण हे माझ्या आधीचं. तेव्हा थेट दगडावर काढलं असेल, तर हे सगळं चित्र उलटं आहे. नव्या छपाईत सुलटं करता येईल. लोरेन्झ उजव्या हातानं वाजवील आणि..." त्याचे बोट मुलीच्या गालावर थांबले. "आणि खळी या बाजूला जाईल."

लेओपोल्डने ओटिलीच्या डाव्या गालाकडे पाहिले. मग त्याची नजर, आवरत आवरत, मग पुसणाऱ्या क्लाराकडे वळली. गुस्तावचे तोंड उघडे राहिले होते.

"पण आधी खात्री हवी," स्टोल्झ म्हणाला. "हा बोकड खरा होता ना? तुमच्या वडिलांचा? फ्राउ बेंडर, शिंग कुठलं मोडलं होतं त्याचं?"

पंचेचाळीस वर्षे ज्या प्रश्नाची तिला धास्ती होती, तो असा दिवसाढवळ्या, चार माणसांत, बोकडाच्या चौकशीच्या रूपाने आला. ओटिलीने क्लाराकडे पाहिले. क्लारा मग पुसत होती. त्या अंगणात तीही होतीच. पण ओटिलीला वाटले, दुसऱ्याच्या बोकडाची आठवण कोण ठेवतो? क्लाराला बोकड कधी आवडलाच नव्हता. चारा घालायची ती ओटिली.

"उजवं," ओटिली म्हणाली. आवाज जराही हलला नाही.

स्टोल्झने मान डोलावली, पण चष्मा उतरवला नाही. "नक्की?"

"उजवंच," मागून क्लारा म्हणाली. "पाण्याच्या गाडीच्या चाकात अडकलं होतं. मी तिथंच होते की. केवढा ओरडला होता बिशप!"

"मग झालं तर," लेओपोल्ड सुटकेचा श्वास टाकत म्हणाला. "चित्र सरळच आहे."

"म्हणजे लोरेन्झ डावखुरा," गुस्ताव म्हणाला. "बघा, मेल्यावर कळतं माणसाचं."

चित्र कापडात गुंडाळून ते दोघे निघून गेले. भिंतीवर चौकटीच्या आकाराचा फिकट पट्टा उरला. ओटिली त्याकडे पाहत राहिली. जिंकल्याचा आनंद होईल म्हणून तिने क्षणभर वाट पाहिली. आनंद आला नाही. चारचौघांत कोणी चुचकारावे तसे काहीतरी तिच्या अंगाला चिकटले होते.

दुपारी स्वयंपाकघरात क्लारा मुळ्याच्या चकत्या करीत होती. ओटिलीने दार लोटून घेतले.

"खोटं का बोललीस?"

"तू बोललीस म्हणून."

"तुला आठवत होतं?"

"टिली, त्या बोकडानं मला दोनदा पाडलंय. मला त्याचा केस न् केस आठवतो." क्लाराने मुळ्यावर मीठ भुरभुरवले. "ऑगस्टच्या मातीला आले होते ना, तेव्हाच पाहिलं मी चित्र. शिंग पाहिलं, खळी पाहिली. म्हटलं, अरेच्चा, ही तर मी."

"आणि सतरा वर्षं गप्प बसलीस?"

"मग काय करायचं होतं? तू भिंतीवर लावून बसलीस, गाव टोप्या काढतंय. चित्रात मी आले, घरात तू आलीस. पुरे की."

"पुरे की नाही हे ठरवणारी तू कोण?" ओटिलीचा आवाज चढला. "काय बोलायचा तो तुझ्याशी? त्या रविवारी?"

"बोलायचा? ‘हलू नकोस’ म्हणायचा. हसले की खळी हलते म्हणायचा, आणि नाही हसले की पुन्हा हस म्हणायचा. जबडा दुखायचा माझा."

"मग मला का नाही काढलं त्यानं?"

क्लाराने सुरी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडा खट्याळपणा आला. "तू बसायचीस कुठं? त्यानंच सांगितलं मला. म्हणाला, तुझी बहीण दर दोन मिनिटांनी उठून मागे येते आणि बोकड असा नाही, तसा काढ म्हणते. तुला काढायला तू जागेवर तर असायला हवी होतीस!"

दुसऱ्या कोणी हे सांगितले असते तर ओटिली कदाचित हसली असती. पण सांगणारी क्लारा होती. ऑगस्टने तिच्याजवळ ओटिलीविषयी तक्रार केली होती, तिच्याशी बोलला होता, आणि हे बोलणे पंचेचाळीस वर्षे क्लाराजवळ जपून राहिले होते. ओटिलीच्या मालकीची म्हणून जी एक गोष्ट होती, तिचाही तुकडा क्लाराच्या ट्रंकेतून निघाला.

"जाऊ दे ना," क्लारा म्हणाली. "मोगरी तूच धर. मला काही नको."

*मला काही नको.* लहानपणापासून क्लारा असेच म्हणत आली होती, आणि सगळे काही तिच्याकडे आपणहून चालत जाई. पुढचे आठ दिवस ओटिलीने हे वाक्य जेवणात, प्रार्थनेत, पिंपे धुताना चघळले. मान गेला असता तर ती सोसू शकली असती, असे तिला आता वाटू लागले. क्लाराने दिलेला मान मिरवणे मात्र तिला सोसवेना. यापुढे प्रत्येक मार्चमध्ये मोगरी उचलताना क्लारा कोपऱ्यात उभी असेल, हसेल, खळी पडेल, आणि ओटिलीच्या हातातली मोगरी ही क्लाराची भीक असेल.

बॉकचा दिवस उजाडला. सरोवरावरून बोचरा वारा येत होता, तरी सारा रस्ता माणसांनी भरला होता. टेबलांवर राईची भाकरी, धुरावलेले मासे आणि कलेजीचे सॉसेज मांडले होते. प्रत्येक काचेवर नवी जाहिरात होती. न्हाव्याकडे, चांभाराकडे, औषधाच्या दुकानात. पंधरा-वीस बोकड, पंधरा-वीस मुली, आणि प्रत्येक ठिकाणी उजवे शिंग मोडलेले. इतकी वर्षे ते खोटे एका चौकटीत बंद होते. आता ते सगळ्या रस्त्यावरून तिच्याकडे पाहत होते.

फोटोवाल्याने कॅमेरा रोवला. ओटिलीने काळा पोशाख आणि आईचे चांदीचे पदक घातले होते. लेओपोल्डने छोटेसे भाषण केले, कारखान्याची साठ वर्षे सांगितली, "आपली बॉकची मुलगी" म्हणाला, आणि मोगरी तिच्या हाती दिली. पुरुषांनी टोप्या काढल्या. क्लारा मागे, दाराशी, हात ॲप्रनमध्ये गुंडाळून उभी होती आणि हसत होती.

ओटिलीने मोगरी उचलली. मग खाली केली.

"क्लारा," ती म्हणाली. "इकडे ये."

"आता काय झालं?" क्लारा जागची हलली नाही.

"मी बोलावलं की यायचं. पुढे हो."

क्लारा पुढे आली. ओटिलीने रस्त्याकडे तोंड केले. तिचा आवाज चर्चच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू गेला.

"बिशपचं डावं शिंग मोडलं होतं. स्टोल्झ, ऐकलंस? डावं. चित्र उलटं आहे. ही खळी माझ्या बहिणीची आहे. मला हे लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं आणि आठ दिवसांपूर्वी मी तुमच्यासमोर खोटं बोलले. ही माझ्यासाठी खोटं बोलली. तिला तसं करायला मी सांगितलं नव्हतं. मला कोणी काही दिलेलं चालत नाही."

लेओपोल्डचा चेहरा पडला. जाहिराती छापून झाल्या होत्या. मग गुस्ताव डेंगलरचा आवाज आला.

"म्हणजे पंचेचाळीस वर्षं आम्ही चुकीच्या बाईला टोपी काढली?"

"टोपी तू माझ्या छताखाली काढतोस, चित्रासाठी नाही," ओटिली म्हणाली. "घालून दाखव उद्या आत येताना."

रस्त्यावर हशा उसळला. गुस्तावने टोपी छातीशी धरली, ती धरलीच. ओटिलीने मोगरी क्लाराच्या हातात कोंबली. क्लाराच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि ती मान हलवत होती. "टिली, मला नको गं, मला काही..."

"हे वाक्य पुन्हा बोलायचं नाही. ठोक."

फोटोवाल्याने काळ्या कापडात डोके घातले. क्लाराने दोन्ही हातांनी मोगरी उचलली आणि घाव घातला. तोटी तिरकी बसली. फटीतून काळसर बिअरची चिळकांडी उडाली आणि तिच्या ॲप्रनवरून फेस ओघळला. लोक ओरडले. तिने पुन्हा घाव घातला, तेव्हा कुठे तोटी आत गेली.

दोन घाव. ओटिलीने मोजले होते. बोचऱ्या वाऱ्यात ती ताठ उभी होती आणि बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागल्यासारखे वाटत होते. पहिला मग भरून तिने क्लाराच्या हाती दिला, दुसरा स्वतःसाठी घेतला, आणि बहिणीच्या भिजलेल्या ॲप्रनकडे पाहत म्हणाली,

"पुढच्या वर्षी मनगट सैल ठेव. मी शिकवीन."